काढायची सोय न्हाय

“येत्या शनिवारनंतर मी चष्म्याला हात लावला, तर पिराजी नाव सांगणार न्हाय,” असं कोल्हापूरच्या सराफांच्या भर गुजरीत जाहीर करून पिराजीनं चष्मा काढला, गल्ल्यावर ठेवला आणि शेजारच्या गणपतरावांना ऐटीत चहा दिला. चहा गणपतरावांच्या सदऱ्याच्या खिशात गेला.

“शनिवार लांब हाय,” खिसा पिळत गणपतराव म्हणाले.

पिराजी चांदीचं बारीक काम करायचा. नवस फेडायला लोक देवाला चांदीचे डोळे वाहतात, ते घडवण्यात त्याचा हात धरणारा गुजरीत कोणी नव्हता. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना मात्र उणे पाचचा नंबर. चष्मा नसला की हातभरावरची म्हैस आणि मोटार त्याला सारखीच.

शनिवारी डोळ्यांना लेझर करून चष्मा घालवायचं खूळ निघालं ते जोतिबाच्या डोंगरावर. गुलालानं चष्मा माखला म्हणून त्यानं तो खिशात टाकला, आणि गाड्या लावलेल्या जागी येऊन, ज्यांच्या फटफटीवरनं आला होता त्या गणपतरावांची समजून एका पांढऱ्या टोपीच्या मागं बसला. “चला गणपतराव.” टोपीवाला वारणानगरचा एक मास्तर होता. लिफ्ट मागायची कोल्हापूरकरांची हीच पद्धत असणार, असं समजून त्यानं गाडी काढली. पिराजीनं वाटभर बायकोची गाऱ्हाणी सांगितली. भाकरी कागदासारखी करती, त्यातनं पलीकडचं दिसतंय, हे तर दोनदा सांगितलं.

गाडी थांबली. मास्तर म्हणाला, “पावणं, आमचं घर आलं. तुमचं कुठं हाय?”

माणूस भला. चहापाणी करून त्यानं पिराजीला संध्याकाळी गुजरीत आणून सोडलं, आणि जाता जाता त्याच्या बायकोला, शालूबाईला म्हणाला, “वहिनी, भाकरी जरा जाड करत जावा.”

शालूबाईनं त्या दिवशी भाकरीच केली न्हाय. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “डोळं करून घ्या. न्हायतर हितनं पुढं चालत जावा.” शिवाय जोतिबाला नवस बोलली, की यांचा चष्मा सुटला तर चांदीचे डोळे वाहीन. ते घडवायचे कोणी? पिराजीनंच. चष्मा कपाळावर सरकवून, पत्रा नाकापुढं वीतभर धरून त्यानं चार दिवस ते कोरले. उघड्या डोळ्यानं वीतभरावरचं त्याला असं दिसायचं, की भिंगवाल्यानंही लाजावं.

ते डोळे डबीत घालून शुक्रवारी तो दवाखान्यात गेला. शालूबाईनं स्कूटरवरनं नेला. सकाळपासनं त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, पण तिला त्यानं उपास हाय म्हणून सांगितलं. शुक्रवारचा उपास त्यानं उभ्या जन्मात केला नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टर अवंतिका मॅडम आदल्या दिवशीच्या तपासण्यांचे कागद बघत होत्या. “पिराजीराव, पडदा चांगला आहे. बुबुळाची जाडीही पुरेशी आहे. लेझर करता येईल.”

“बघा,” शालूबाई म्हणाली.

पिराजीचा चेहरा पडला. “मॅडम, लेझर चालू असताना शिंक आली तर?”

“मशीन डोळ्याबरोबर फिरतं. डोळा फार हलला तर आपोआप थांबतं.”

“आणि उचकी लागली तर?”

“उचकी लागायला तुमची आठवण काढतंय कोण?” शालूबाई म्हणाली.

मॅडम हसल्या न्हाईत, पण कागद जरा वर धरला. मग एकेक सांगत गेल्या. काही महिने डोळे कोरडे पडतात, थेंब घालत राहायचं. रात्री दिव्याभोवती वलयं दिसू शकतात. क्वचित थोडा नंबर उरतो. जंतू लागायचा धोका अगदी कमी, पण न्हाईच असं न्हाय. खर्चाचा आकडा ऐकून पिराजीनं मनात हिशेब केला, तर जोतिबाच्या सगळ्या कुटुंबाचे डोळे त्यात झाले असते.

“आणि फायदा?” शालूबाईनं विचारलं.

“लांबचं चष्म्याशिवाय स्पष्ट. गाडी, बसची पाटी, माणसं.”

“माणसं तेवढी बघा,” शालूबाई म्हणाली.

सही करायला मॅडमनी पेन पुढं केलं.  वेळ काढायला म्हणून पिराजीनं डबी उघडली. “हे बघा मॅडम, आमचं काम.” चष्मा कपाळावर गेला, चांदीचे डोळे नाकापुढं आले. “बुबुळाभोवती बावीस ठिपकं हायती. मोजा.”

मॅडमनी पेन परत घेतलं. “रोज असंच काम करता? चष्मा वर करून?”

“तीस वर्सं.”

“आता चष्मा डोळ्यावर घ्या आणि ठिपके मोजा.”

पिराजीनं चष्मा खाली घेतला. डबी पुढं नेली, मागं नेली. “दोन तांदळाचं दाणं दिसाय लागलंत.”

“लेझरनंतर हे असंच दिसणार. तुमचं वय अठ्ठेचाळीस. लांबचा नंबर जाईल, जवळचा चष्मा लागेल.”

“तवा चष्मा वर सरकवतो की.”

“वर सरकवायला चष्माच नसेल. नंबर आम्ही बुबुळातच दुरुस्त करणार.”

 मग शालूबाई सावकाश म्हणाली, “म्हंजे तुमी चष्मा आतच बसवणार. आणि काढायची सोय न्हाय.”

“इतक्या वर्षांत मला हे एवढं सोपं सांगता आलं नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “एक डोळा लांबचा आणि एक जवळचा, असंही करता येतं.”

“एका डोळ्यानं गाडी बघायची आणि दुसऱ्यानं भाकरी?” शालूबाईनं विचारलं.

“पण यांच्या कामाला मी ते सुचवणार नाही. दोन्ही लांबचे केले तर जवळचा चष्मा लावून काम होईल. ठरवायचं तुम्ही.”

“म्हंजे एवढं पैसं मोजून,” पिराजी म्हणाला, “कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा.”

शालूबाईनं डबीतले डोळे हातात घेतले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण तिनं त्याचं काम एवढ्या जवळनं कधी बघितलं नव्हतं. तिनं ठिपके मोजले. बावीसच भरले.

“राहू दे,” ती म्हणाली. “ह्या डोळ्यांवर घर चाललंय. लोकाच्या गाडीवर बसायचं ते बसू देत.”

पिराजीला आता अशी भूक लागली की पोटातनं आवाज आला. तो मॅडमनीही ऐकला. त्यांनी पैसे तपासणीचेच घेतले आणि सल्ला दिला, की चष्म्याला दोरी बांधा. पिराजीनं दोन्ही हातांनी नमस्कार केला. आयुष्यात कुठल्या दवाखान्यातनं हात हलवत परतताना त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

“दोरी घेऊन येते,” म्हणून शालूबाई समोरच्या चष्म्याच्या दुकानात गेली. “गाडीपाशी थांबा. हलू नका.”

पिराजी गाडीपाशी थांबला. एवढ्या खुशीत स्वतःचंच काम पुन्हा बघावंसं वाटलं म्हणून चष्मा कपाळावर सरकवला आणि डबी उघडली. शेजारी स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. मान वर न करता तो मागं बसला. “चल शाले. तुझ्यासारखी भाकरी साऱ्या जिल्ह्यात कोण करत न्हाय.”

हातकणंगल्याला पेट्रोल भरायला स्कूटर थांबली आणि चालवणाऱ्यानं हेल्मेट काढलं. तो जयसिंगपूरचा धवल नावाचा कापडदुकानदार होता. तो काकांना डोळे दाखवायला त्याच दवाखान्यात आला होता; हेल्मेटात काही ऐकू आलं न्हाय आणि त्याला वाटलं, मागं काकाच बसलेत. काकांच्या डोळ्यात तपासणीचं औषध घातलेलं होतं, त्यामुळं त्यांना सगळंच धूसर. ते शालूबाईच्या स्कूटरवर बसून गुजरीला पोचले.