तीन कुलपांची पेटी

आमच्या बचत गटाची पेटी पत्र्याची, आणि तिला तीन कड्या. तीन कड्यांना तीन कुलपं. एक चावी माझ्याकडे, एक वैजयंतीकडे, एक दगडाबाईकडे. पेटी मात्र शिवबाईच्या घरी, आणि तिच्याकडे चावीच नाही. एकटीदुकटीला पैशाला हात लावता येऊ नये म्हणून ही सोय. गट सुरू करून देणाऱ्या बाईंनी वर आणखी एक नियम घातला होता. चावी पोराबाळांच्या हाती धाडायची नाही, जिची चावी तिनं स्वतः यायचं.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यांमागे आमची वस्ती. नवरे यंत्रमागावर जायचे, आम्ही घरी टॉवेलच्या कडा शिवायचो. गुरुवारी दुपारी सगळ्या शिवबाईच्या ओट्यावर जमायचो. पैसे मोजायला फार वेळ लागत नसे, वेळ लागावा इतके ते नसतच. बाकी सगळ्या गप्पा. कुणाच्या सासूनं काय केलं, कुणाला कुठं दुखतंय, सगळं तिथं बाहेर पडायचं. वैजयंती शेंगाची चटणी आणायची, कडक भाकरी शिवबाईची, आणि दूध संपलेलं असलं की चहा कोरा. आता घरात सगळं आहे, पण त्या चहाची चव येत नाही. हे मी कुणालाही तोंडावर सांगते.

दगडाबाईला मात्र बाहेर पडायची चोरी होती. तिचा नवरा हिंदुराव तसा वाईट नव्हता, पण बायको उंबऱ्याबाहेर दिसली की त्याचं डोकं फिरायचं. सुरुवातीलाच एकदा त्यानं तिला अडवलं. इकडे पेटी उघडेना, आणि गटातल्या एकीला पोराच्या दवाखान्यासाठी पैसे हवे होते. शेवटी ती तापलेलं पोर काखेला मारून हिंदुरावाच्या दारातच जाऊन बसली. सगळी वस्ती गोळा झाली. हिंदुरावानं गुमान बायकोला जाऊ दिलं.

तेव्हा दगडाबाईला एक वाक्य सापडलं. "पेटी अडंल की," एवढंच म्हणायची आणि चपला घालायची. मग वस्तीतल्या सगळ्याच बायका गुरुवारी तेच म्हणून घराबाहेर पडायला लागल्या. ज्यांच्याकडे चावी नव्हती, त्यासुद्धा.

पुढे पैसे बँकेत जायला लागले आणि पेटी रिकामी झाली. तरी आम्ही तिघी दर गुरुवारी ती उघडायचो, आत बघायचो आणि पुन्हा कुलपं घालायचो. रिकामी आहे हे घरी सांगायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं. कुणी सांगितलं नाही, इतकंच.

गेल्या वर्षी दगडाबाई गेली. मी रडले, आणि मी सहसा रडत नाही. तिच्यामागोमाग आमचे गुरुवारही गेले. गटाचं काम शिवबाईच्या सुनेकडे, सोनालीकडे आलं. पोरगी हुशार, कामावरून दमून येते, म्हणून तिनं सगळं फोनवर घेतलं. हप्ता फोनवर, मीटिंगही फोनवर, म्हणजे नुसती अंगठ्याची चित्रं. तिला मी बोल लावत नाही. पण गुरुवारची दुपार मला खायला उठायची.

दगडाबाईच्या जागी तिची धाकटी सून आरोही सभासद झाली. नवी नवरी. तिच्या नावानं शिलाई मशीनसाठी कर्ज निघालं, आणि थोड्याच दिवसांत दारात नवीकोरी मोटारसायकल उभी राहिली. गटाचे मेसेज यायचे तो फोन तिच्या नवऱ्याच्या, अजिंक्यच्या खिशात. पोरगी ना नळावर दिसायची, ना दुकानात. एकदा खिडकीतून तिनंच मला हाक मारली.

"मावशी, गटात बायका काय बोलतात ओ?"

सभासद ती, आणि विचारते मला.

त्या गुरुवारी मी वैजयंतीला आणि शिवबाईला निरोप दिला, माझी चावी पदराला बांधली आणि हिंदुरावाचं घर गाठलं. अजिंक्य दारात गाडी पुसत होता. हिंदुराव आता थकलाय, आत बाजेवर पडून होता.

"तुज्या आईची चावी कुटं हाय?" मी विचारलं. "गटाच्या पेटीची. ती आता आरोहीकडं. तिला शिवबाईकडं यावं लागंल."

"चावी तुमीच घेऊन जावा की मावशी. ती कशाला?"

"जिची चावी तिनंच यायचं. न्हाय तर पेटी अडंल."

"सगळं तर फोनवर हाय. पेटीत हाय तरी काय?"

मी दारातून हलले नाही. आरोही आतल्या दारात ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. मी आता गप्प बसले तर ही पोरगी कायमची तिथंच राहणार, हे मला दिसत होतं.

बाज करकरली. हिंदुराव उठला, कोनाड्यातून चावी काढली आणि सुनेच्या हातात ठेवली.

"जा पोरी. पेटी अडंल."

अजिंक्य काही बोलायला गेला. "गप," हिंदुराव म्हणाला. "तुज्या आईला अडवून मी ह्याच दारात तोंडघशी पडलोय."

आरोही चपला शोधायला लागली. लग्नातल्या होत्या, अजून कोऱ्या. तेवढ्यात हिंदुराव माझ्याजवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "सिद्धव्वा, पेटीत कायबी न्हाय हे मला लई वर्सं ठाव हाय."

"मग अडवलं का न्हाय, दाजी?"

"तितनं आली की ती हसत यायची."

मी पाठ फिरवली आणि आरोहीला घेऊन निघाले.

शिवबाईच्या ओट्यावर आम्ही तिघींनी कुलपं काढली. आरोहीनं आत डोकावलं. "ह्यात तर काहीच नाही."

"म्हणून तर दर गुरुवारी बघावं लागतं," वैजयंती म्हणाली, आणि चटणीचा डबा उघडला.

सुट्टी होती म्हणून सोनालीही घरीच होती. चहा देताना तिनं सहज विचारलं, "मशीन बरं चालतंय का गं?"

"कसलं मशीन?" आरोही म्हणाली.

सोनालीनं हातातला फोन पालथा घातला आणि ती आरोहीजवळ सरकून बसली. "नीट सांग मला," ती म्हणाली. "आणि घाई करू नको. पुढच्या गुरुवारपासनं सगळ्यांनी हितंच यायचं हाय."

ऊन उतरेपर्यंत आरोही बोलत होती. निघताना तिनंच पेटीला आपलं कुलूप घातलं, आणि लागलं का ते ओढून बघितलं.