केराचा आठवडा

जर्मनीत आल्यापासून एक शब्द मात्र मनोरमाबाईंना कुणी शिकवावा लागला नाही. स्टुटगार्टच्या चढावरच्या त्या चार बिऱ्हाडांच्या इमारतीत दर रविवारी एक लाकडी पाटी या दारावरून त्या दारावर जायची. पाटीवर लिहिलेलं होतं 'केरवोखे'. ज्याच्या दारावर पाटी, त्याने आठवडाभर जिना झाडायचा, आणि बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत पुढचा फुटपाथही मोकळा करायचा. "म्हणजे केराचा आठवडा!" बाई म्हणाल्या. "यात न कळण्यासारखं काय आहे?"

कळत सगळं होतं, करायला काही नव्हतं. भांड्यांना मशीन, कपड्यांना मशीन, आणि उरलेल्या कामाला सून. ऊर्मिला पोरगी सोन्यासारखी, पण सासूने कशाला हात लावला की "राहू द्या, आई" ठरलेलं. साताऱ्याहून बाईंनी आपल्या जुन्या साड्यांच्या दोन गोधड्या शिवून आणल्या होत्या. त्याही "राहू द्या, आई, इथे हीटिंग आहे" म्हणून कपाटावर गेल्या. चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईला दोन महिने पाहुणीसारखं बसवून ठेवलं, तर तिचा जीव रमावा कसा?

म्हणून २००६ च्या जानेवारीत पाटी त्यांच्या दारावर लागली, मुलगा कपिल नेमका कामासाठी ब्राउनश्वाइगला गेला आणि सोमवारी पहाटे बर्फ पडला, तेव्हा बाईंनी ठरवलं, आज सुनेला दाखवायचंच.

साडीवर कपिलचं जाकीट, पायात त्याचेच बूट, हातात फावडं. तासाभरात फुटपाथ लख्ख झाला. इतक्यात नगरपालिकेची नारिंगी गाडी आली. ती बसचे रस्ते आधी साफ करायची, मग हे चढ. पुढच्या पात्याने बर्फ ढकलत आणि मागून मीठ फेकत ती वर गेली, आणि जाता जाता सगळा काळपट रेंदा बाईंच्या फुटपाथवर टाकून गेली.

"मेल्या, डोळे फुटले का तुझे?" बाई ओरडल्या. ड्रायव्हरने हसून हात हलवला.

बाईंनी पुन्हा पदर खोचला. रेंदा निघाला, पण फरशीवर करडे ओघळ राहिले. ते काही त्यांना बघवेनात. वर जाऊन त्यांनी बादलीभर कोमट पाणी आणलं आणि फुटपाथवर या टोकापासून त्या टोकापर्यंत छान सडा घातला. मग समाधानाने घरात जाऊन चहा टाकला.

कप हातात घेऊन त्या खिडकीशी आल्या, तर खाली फुटपाथ आरशासारखा चकाकत होता. पेपरवाल्याने टाकलेला पेपर पार पुढच्या इमारतीपर्यंत घसरत गेला. सड्याची काच झाली होती.

तेवढ्यात जिन्यात काठीची टक टक वाजली. खालच्या मजल्यावरच्या हेबर्लेबाई! शहात्तर वर्षांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आणि सातच्या ठोक्याला बेकरीत जाणाऱ्या. ही म्हातारी पडली तर आपणच तिला पाडलं असं होईल. त्यांनी कपाटावरच्या दोन्ही गोधड्या ओढल्या आणि खाली धाव घेतली.

"थांबा! थांबा!"

"गूटन मोर्गन," हेबर्लेबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाऊल उचललं.

बाईंनी ते पाऊल पडायच्या आत पहिली गोधडी पसरली. तिच्यापुढे दुसरी. ती मीठ टाकलेल्या रस्त्याला जाऊन भिडली. हेबर्लेबाईंनी गोधडीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मान ताठ केली आणि बाईंचा हात धरून राणीसारख्या चालत गेल्या. लग्नात विहीणबाईंसाठी घालतात तशा पायघड्याच झाल्या.

आरडाओरडा ऐकून ऊर्मिला धावत आली. "अहो आई, पाणी टाकलंत? बाहेर मायनस आठ आहे!"

रस्त्यापलीकडून हेबर्लेबाईंनी काहीतरी विचारलं. "पाणी कशाला टाकलं, असं विचारतायत," ऊर्मिला हळूच म्हणाली.

बाईंचे डोळे भरून आले. "दारी येणाऱ्याचं पाऊल स्वच्छ जागी पडावं म्हणून सडा घालतात गं. चुकलंच माझं. सांग त्यांना."

ऊर्मिलाने सांगितलं. हेबर्लेबाईंनी काठी आपटली. "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. मग सावकाश काहीतरी बोलल्या.

"त्या म्हणतात, आमची केरवोखेही त्याचसाठी. फक्त पाणी नको, जिन्याखालच्या बादलीतली बारीक खडी टाका."

हेबर्लेबाई बेकरीतून परतल्या तोवर खडी टाकून झाली होती. तरी त्या मुद्दाम गोधडीवरूनच आल्या.

रात्री हीटरवर वाळलेली गोधडी ऊर्मिलाने बाईंच्या अंगावर घातली. आता कशाला हात लावायचा नाही, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं. तरी पहाटे साडेपाचला त्यांचे कान खिडकीकडेच होते.

दार उघडलं. ऊर्मिला कोट घालून उभी, हातात हातमोज्यांचे दोन जोड.

"आई, उठताय ना? बर्फ पडलाय. फावडं मी घेते, खडी तुमच्याकडे."

बाईंनी गोधडी बाजूला केली. आत साडीवर कपिलचं जाकीट आधीच चढवलेलं होतं.