बॅटरी उतरंपर्यंत

गाडीला कंपनीचा अलार्म हुताच, पन त्यो वाजायचा बारक्या पोराच्या खेळण्यावानी. लॉक केलेल्या गाडीत आत कायबी हललं की हॉर्न पुंपुं करायचा, जरा दमायचा, परत करायचा. अंगनात हुबं असलं तर ऐकू यील, कांद्याच्या वावरात पान्याची मोटार चालू असताना काय डोंबल ऐकू यील. आन मला ऐकू येनं गरजेचं हुतं, कारन आत हलनारी माझी आई हुती.

आईचं डोस्कं लई दिसांपासून ठिकान्यावर नव्हतं. मला ती अजिनाथ म्हनायची. अजिनाथ म्हंजी तिचा भाऊ, त्यो मरून जमाना झाला. दिवसभर एकच, मला घरी ने. घर हेच हाय म्हनलं की रडायची. गाडीचं दार उघडं दिसलं की चपला बाहेर काढायची, देवळात शिरावं तशी आत शिरायची आन मागच्या सीटवर बसल्या बसल्या झोपायची. मागची दारं आतून उघडू नयेत असं बारक्या पोरांसाठी लॉक असतं, ते म्याच लावलेलं, चालत्या गाडीतून पडंल म्हनून. एक दिवस पेंडीची पोती उतरवली, लांबूनच रिमोट दाबला आन वावरात गेलो. माझ्या बायकोनं, पंकजानं, हॉर्न ऐकला म्हनून आई वाचली. बाहेर काढली तवा तिचं लुगडं पिळून घ्यावं इतकं भिजलं हुतं. म्या आदी पंकजावर वरडलो, मग आईवर, मग गाडीला लाथ घातली.

तिसगावला गनीभाई गाड्यांचं वायरिंग करतो. त्यानं कंपनीच्या अलार्मलाच जोडून बॉनेटखाली दुसरा सायरन बसवला. काळा डबा, त्याच्या पोटात सोताची बॅटरी. गाडीची तार तुटली तरी ह्यो वरडत ऱ्हानार. चहा पिता पिता गनीभाई म्हनला, हन्मंतराव, ह्याचा आवाज तुमच्यापरीस मोठा हाय, आता घरात दोगं वरडनार, वहिनींनी कुठं जावं. म्या हासलो न्हाई. मग त्यानं डब्यावर बोट ठेवलं.

"ह्यो उगा बोलत न्हाई. आत कोनी हललं, तरच."

बसवून चार दिस झाले नसतील, भर दुपारी सायरन वाजला. सगळ्या शिवारात ऐकू गेला. खोरं टाकून पळालो, ढेकळात दोनदा पडलो, आईच्या नावानं शिव्या देत अंगनात आलो. आई ओसरीवर खाटंवर बसलेली. शेंगा फोडत हुती.

गाडीला लॉक हुतं. आत कोनी नव्हतं. मागच्या दाराखाली आईच्या चपला हुत्या, एकीला एक जोडून ठेवलेल्या. उचलून ओसरीवर आनल्या आन तिच्या खाटंखाली सारायला वाकलो, तर तिथं तिच्या चपला हुत्याच. डावी टाच झिजलेली दोनीकडं. अंगठा तुटल्यावर म्या तांब्याची तार पिळून बसवली हुती, ती पिळबी दोनीकडं तशीच. पंकजाला इचारलं, तसलाच जोड आनला का. ती म्हनली, आनला असता तर तार कशाला बांधून आनला असता.

तवाच आई बोलली, हनु, पानी पी, किती धापा टाकतोस.

हनु. लई वर्सांनी. माझ्या हातातनं चपला खाली पडल्या. म्या पाठ फिरवून पानी प्यायलो, पंकजाला तोंड दिसू नये म्हनून.

त्या दिसापासून आई सुधरली. घरी ने म्हनायची न्हाई. कुनाचं नाव इसरायची न्हाई. चुलीपाशी बसून भाकऱ्या थापायला लागली. गावातली मानसं येऊन बघून गेली, देवानं ऐकलं म्हनली. सायरन मातर दर दोन-तीन दिसांनी वाजायचाच, आन दर वेळी म्या पळायचो. गाडी रिकामी असायची. पन मागच्या सीटवर घामाची ओल दिसायची, बारक्या मानसाच्या पाठीएवढी. गनीभाईकडं दोनदा गाडी नेली. त्यानं सगळं तपासलं, डबा ठीक हाय म्हनला, दुसऱ्या येळी पैसंबी घेतलं न्हाईत आन डोळ्याला डोळाबी दिला न्हाई.

एकदा आईला दाखवायला डॉक्टरकडं न्यायचं हुतं. पंकजानं मागचं दार उघडलं. आई चपला घालूनच आत बसली, तशीच, सीटवर पाय घेऊन. पंकजा माझ्याकडं बघत ऱ्हायली. म्या म्हनलो, गाडी काय देऊळ हाय का, बस गप. घरी आल्यावर पंकजा हळूच म्हनली, चार दिस जामखेडला म्हायेरी जाते. भांडली न्हाई. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ती गेली त्या दुपारी म्या जेवाय बसलो हुतो. लई दमलो हुतो. वावराचं दमनं निराळं, ते झोपलं की जातं. आईनं पिठलं केलं हुतं, माझ्या ल्हानपनी करायची तसं, वर कच्च्या तेलाची धार. पयला घास मोडला आन सायरन सुरू झाला.

म्या उठलो. गाडीची चावी हातात घेतली. बाहेर ऊन असलं हुतं की अंगनात पाय ठेववत नव्हता. सायरन थांबला, आन थांबला तवा काचंवर हात आपटल्याचा आवाज आला. मग परत सायरन.

"आई, गाडी वरडतीय," म्या म्हनलो.

"बस, हनु. भाकरी गार हुईल."

"कोनतरी हाय आत."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. तिच्या पायात चपला हुत्या, चुलीपाशी.

"वरडू दे," ती म्हनली. "बॅटरी उतरली की गप हुईल."

दारात किती येळ हुबा हुतो ठाऊक न्हाई. चावी हातात ऊन झाली हुती. पाठीमागं आईनं परत हाक मारली, नाव घेऊन, मायेनं, आन म्या माघारी फिरून ताटावर बसलो.

सायरन थांबायचा, परत वाजायचा. मधलं थांबनं वाढत गेलं. आवाज बारीक बारीक होत गेला, आन मग त्यो ऐकू यायचा का न्हाई तेबी कळंना, तवा आईनं माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी टाकली.