फरशीवर घ्या!

शिट्टीबाईंचं डोकं दुकानात शिरल्यापासून तापलेलं होतं. लेकीच्या नव्या घरासाठी एक गादी घ्यायची, एवढंच काम. पण सोबत होते व्याही, जावयाचे वडील. हा माणूस चपला काढून प्रत्येक गादीवर आडवा व्हायचा, या कुशीवरून त्या कुशीवर लोळायचा आणि उठून म्हणायचा, "छे! कमरेला टोचतेय." स्प्रिंगची टोचली, कापसाची टोचली, फोमची तर पाठ टेकायच्या आधीच टोचली.

बाई पोहण्याच्या तलावावर शिकवायच्या. तिथे गळ्यातली शिट्टी फुंकली की पाण्यातली सगळी पोरं जागच्या जागी थिजायची. इथेही शिट्टी गळ्यातच होती, पण आपण मुलीकडचे, म्हणून दात दाखवत उभ्या.

"विहीणबाई, आता ही शेवटची हं," म्हणत व्याह्यांनी कोपऱ्यातल्या जाडजूड गादीवर अंग टाकलं. आणि चक्क घोरायला लागले.

दुकानदार खूश. "बघा ताई! याला म्हणतात गादी! पडल्या पडल्या झोप!"

सेल्समन फिदीफिदी हसला. बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. आता चार खडे बोल सुनावायचेच म्हणून त्या तरातरा गादीपाशी गेल्या आणि थबकल्या. घोरणं कसलं ते! एक घर्र. मग सामसूम. मग पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा एक आचका. ओठ निळसर पडलेले.

"व्याही! अहो व्याही!" खांदे गदागदा हलवले. काही नाही.

"हे घोरणं नाही! हृदय बंद पडलंय यांचं! तुम्ही ॲम्ब्युलन्सला फोन लावा. आणि तू रे, लिफ्टपाशी भिंतीवर हिरवी पेटी आहे, त्यातलं झटका द्यायचं मशीन घेऊन पळत ये!"

सेल्समन पळाला. दुकानदाराने फोन लावला.

"आता यांना फरशीवर घ्या!"

"फरशीवर?" दुकानदार कळवळला. "अहो, गार आहे फरशी. राहू द्या की गादीवर, आरामात."

"गादीवर दाबलं तर गादी दबेल, छाती नाही! धरा पाय!"

शेवटी बाईंनीच व्याह्यांच्या काखेत हात घालून त्यांना खाली ओढलं. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा, कोपर ताठ, आणि लागल्या दाबायला. जोरात, भरभर. मध्येच आत काहीतरी कटकन वाजलं. बाई थांबल्या नाहीत. लेकीला फोन करून काय सांगायचं? 'तुझे सासरे गादी बघायला आले होते'? छे. तो फोन करायचाच नव्हता त्यांना.

दुकानदाराने हळूच व्याह्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली.

"काढा ती!"

"नवी आहे ताई, स्वच्छ."

"काढा म्हणते ना!"

तेवढ्यात सेल्समन धापा टाकत परतला. हात रिकामे.

"मशीन?"

"पेटी उघडली की अलार्म वाजेल असं लिहिलंय. म्हटलं, विचारून येतो."

"अरे वाजू दे! वाजण्यासाठीच आहे तो! आण!"

या खेपेला अलार्म सगळ्या इमारतीत बोंबलला आणि मशीन आलं. बाईंनी व्याह्यांचा सदरा टराटरा फाडला. छाती उघडी. मशीनची एक चिकट पट्टी उजवीकडे गळ्याच्या हाडाखाली, दुसरी डावीकडे काखेखाली. दाबणं आता दुकानदाराकडे.

"जोरात हो! कणीक मळताय का?"

मशीन शांतपणे बोललं, "रुग्णाला स्पर्श करू नका." दुकानदाराने छाती सोडली आणि प्रेमाने तळपाय चोळायला घेतले. बाईंनी शिट्टी तोंडात धरून अशी फुंकली की तो उडून गादीवर पडला. बटण दाबलं. व्याह्यांचं अंग ताडकन उसळलं. बाई पुन्हा छातीवर. घाम हनुवटीवरून टपटप गळत होता. ॲम्ब्युलन्सची माणसं जिना चढत होती, तेव्हा व्याह्यांनी बाईंचा हात ढकलला. कण्हत, पण ढकलला.

चार दिवसांनी हॉस्पिटलच्या खाटेवर व्याही तोंड वाकडं करून पडले होते.

"बरगड्या मोडल्यात तुम्ही माझ्या. मनातला राग काढलात ना?"

"राग काढला असता तर एकही शाबूत राहिली नसती."

"सदराही फाडलात."

"नर्स काय म्हणाली? खोल श्वास घ्यायचेत. घेतले?"

"दुखतं हो."

"दुखू दे. घ्या."

"मी काय तुमच्या तलावावरचं पोर आहे?"

"ती पोरं बरी. बोलू नका. बोलण्यात घालवताय तो श्वासही आत घ्या."

व्याही जाम चिडले. चिडून त्यांनी नाकाने चांगला लांबलचक श्वास ओढला, कळवळले आणि सोडला. बाईंनी स्टूल पुढे ओढलं, वाकून तो शेवटपर्यंत ऐकला.

"आता परत," त्या खेकसल्या.