दिवटीचे तेल

माझ्या चित्रपटातला सटवा आपला आत्मा विकतो, तेव्हा कडाक्याची थंडी असते. जत्रेत शेकोटीभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडून वाफ निघते. सटवा गातो, गर्दी डोलते. पण त्याच्या तोंडून वाफ निघत नाही. आत्मा कसा रेखाटावा, या प्रश्नाशी मी फार झुंजलो होतो. अखेर त्याच्या छातीत दिवटीची लहानशी ज्योत काढली. कीर्ती विकणारा व्यापारी ती काचेच्या बाटलीत भरून नेतो आणि त्या बदल्यात सटवाचा आवाज गावोगावच्या भोंग्यांतून घुमू लागतो.

हलत्या चित्रांचा आणि गाण्यांचा हा खेळ मी घाटनांदूरला, आमच्या किराणा दुकानाच्या माडीवर, एकट्याने उभा केला. माणसांसमोर माझी जीभ जड होते. संगणकावर हात मात्र धीट चालतो. चित्रे उत्तम झाली आहेत हे मला ठाऊक होते. अडले होते शेवटापाशी. सटवा गर्दीत उभा, छाती काळोखी, गाणे चालूच. त्याला तिथून घरी कसे आणावे, ते सुचत नव्हते.

सटवाचा आवाज राधाकिशनकाकांचा होता. लग्नघरी गोंधळ घालून, संबळाच्या तालावर गावोगावच्या देवींना नावाने बोलावणारे आमच्या गावचे हे गोंधळी. उन्हाळ्यात माडीवर येऊन त्यांनी ती हाक गायली. त्यांच्या पत्नी केसरकाकू पेटती दिवटी धरून शेजारी उभ्या होत्या. हाक संपली आणि वीज गेली. आम्ही चहा घेतला, ते घरी गेले. मला हवे ते मिळाले होते.

तेव्हापासून केसरकाकूंचे दुकानात येणे वाढले. दर वेळी करडीचे तेल. वडील मापताना चिडवत, "काकू, भज्यांचा लई धडाका लावलाय. आमालाबी बोलवा की एकदा."

"पाहुणे हायेत, अण्णाराव," एवढेच म्हणून त्या बाटली पदराआड धरीत.

दसऱ्याच्या सुमारास जीवनचा पुण्याहून फोन आला. अंबाजोगाईच्या कॉलेजात दोन वर्षे त्याने मला आपल्या डब्यातली भाकरी खाऊ घातली होती. आता तो एका मोठ्या वाहिनीत होता; झाला तेवढा चित्रपट मी त्याला पाठवला होता.

"बसू, साहेबांना लई आवडलंय बे. दिवाळीला लावू म्हणालेत. सगळ्यात वर तुझं नाव."

"शेवट राहिलाय अजून."

"तो हाय तसाच ठेव. अंधारात सोड त्याला, लोकांना तेच आवडतंय. फक्त म्हाताऱ्याचा आवाज लागतो."

"लागतो म्हणजे?"

"मशीनला शिकवायचा. मग मशीनच गाईल, पाहिजे तेवढी गाणी, पाहिजे तेवढी वर्षं. त्यांचा होकार तेवढा घे."

मी माझ्या व्यापाऱ्याला लांब बोटे आणि पिवळे डोळे दिले होते. माझ्याकडे आलेला आवाज मात्र मित्राचा होता, आणि त्यात कपट नव्हते. शिवाय मला ते हवे होते. कोणालाही तोंड न दाखवता लाखो घरांत पोहोचायचे. माझ्यासारख्याला याहून गोड काय असणार?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी काकांकडे गेलो. अंगणातल्या बाजेवर बसून ते संबळाच्या दोऱ्या ताणत होते. मी चाचरत सारे सांगितले. ते खूश झाले.

"मशीन गाणार आन् मी झोपणार? घे की मग, बसाप्पा. घसा तरी सुटंल. गावात आत्ताच सांगून ठेवतो, माज्या तेराव्याला मीच गाणार हाय."

मी हसलो, आणि हसता हसता माझी नजर आत गेली. कोनाड्यात दिवटी जळत होती. बाहेर लख्ख ऊन, आणि केसरकाकू तिच्यावर आमच्या दुकानातल्या बाटलीतून तेल सोडत होत्या.

"काकू, दिवसा दिवटी?"

"तुज्याच माडीवर पेटवलेली हाय ती. देवीला बोलावलं, निरोप कुठं दिला? वीज गेली आन् तुमी चहा पिऊन मोकळे. बोलावलेल्यांना परत धाडल्याबिगर दिवटी इझवायची न्हाई. आमच्या घरची रीत हाय ती."

"मग सांगितलं का नाही?"

"हे म्हणले, बसाप्पा बोलावील परत. बघितली वाट." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "मशीन रोज बोलावंल. घरोघर बोलावंल. निरोप कोन दील? तेल कोन घालंल?"

काकांचे हात दोऱ्यांवर थांबले. "ते मातर हाय," ते हळूच म्हणाले. "पन पोरानं लई मेहनत केलीय, केसर."

मी पुन्हा मागितला असता, तर त्यांनी होकार दिला असता. माझ्यावरच्या मायेपोटी दिला असता. मी खिशातला रेकॉर्डर काढून बाजेवर ठेवला.

"मशीनला शिकवायचं राहू द्या, काका. निरोप गा."

लग्नघरांत निरोपापर्यंत मी कधी जागा राहिलो नव्हतो. ते गाणे प्रथमच ऐकत होतो. हाकेला संबळ धावतो, निरोपाला तो चालतो. ज्या क्रमाने बोलावले, त्याच्या उलट क्रमाने काका एकेकीला तिच्या गावची वाट दाखवत गेले. सगळ्यात शेवटी त्यांनी आणखी एक नाव घेतले. राधाकिशन, तूही आता घरी ये.

"स्वतःचं नाव?"

"घ्यावंच लागतंय. इतक्यांना हाका मारता मारता आपनबी कुठं कुठं गेलेलं असतो. न्हाईतर नुसतं अंगच घरी येतंय."

केसरकाकूंनी दुधाचे थेंब सोडून दिवटी शांत केली.

परतताना वाटेवरूनच मी जीवनला फोन करून सांगितले, "आवाज मिळणार नाही. आणि शेवट बदललाय."

"दिवाळी गेली मग बे. बघणार कोण तुझं? दुकानाच्या भिंतीवर लावतो का?"

"भिंत पांढरीच आहे," मी म्हणालो. माझी जीभ जड झाली नाही.

त्याच संध्याकाळी शेवट काढायला घेतला. गर्दीच्या मधोमध सटवा गाणे थांबवतो. ज्यांना ज्यांना त्याने हाक मारली, त्यांना तो एकेक करून निरोप देतो, आणि अखेर स्वतःचे नाव घेतो. व्यापाऱ्याच्या झोळीतली बाटली उघडते. मी विजेचा लखलखाट दाखवला नाही. ज्योत चालत घरी येते, एवढेच.

दिवाळीच्या वाणसामानाला आलेल्या केसरकाकूंसाठी वडिलांनी आपणहून बाटली उचलली. "तेल नको. गूळ द्या," त्या म्हणाल्या. "पाहुणे गेले."

मार्गशीर्षातल्या कडाक्याच्या थंडीत, दिवेलागणीनंतर, दुकानाच्या भिंतीवर चित्रपट लागला. बाजारपेठ पोत्यांवर आणि पायऱ्यांवर बसली. सगळ्यात पुढे राधाकिशनकाका, सटवाने तोंड उघडले की ते शेजारच्याला कोपर मारून सांगत, "ह्यो मी हाय." मी मागे, गर्दीत उभा होतो, आणि प्रथमच मला गर्दीतून निघून जावेसे वाटत नव्हते.

भिंतीवर सटवाने स्वतःचे नाव घेतले. त्याच्या तोंडून पांढरी वाफ निघाली, आणि प्रोजेक्टरच्या झोतात बाजारपेठेची वाफ तिच्यात मिसळली.