व्हरायटी चौकापर्यंत

मधुकरराव निखारे सिव्हिल लाइन्समधल्या नकाशांच्या सरकारी कचेरीत ट्रेसर होते. गावोगावच्या शेतांचे धुरे-बांध, नाले, पांदण रस्ते जुन्या नकाशावरून नव्या कापडावर शाईनं उतरवायचे, हे त्यांचं काम. हात इतका स्थिर की रेघेला कधी कंप नाही. शेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कुणाशी चढाओढ केली नव्हती. बढतीच्या यादीत नाव खाली सरकलं, तरी "असू दे" म्हणून ते पेन शाईत बुडवत. गोळीबार चौकातल्या त्यांच्या गल्लीत घरोघरी हातमाग खटखटायचे आणि माग चालवणारे बाप पोरांना सांगायचे, "मधुकररावासारखं थंड डोक्याचं व्हा."

हाच माणूस रोज सकाळी दहाच्या सुमारास सायकलवरून कॉटन मार्केटला पोचला, की त्याच्या अंगात काहीतरी संचारायचं. कारण तिथंच बेसा गावाकडून येणारा तो दुसरा सायकलवाला रस्त्याला लागायचा.

उंच, सावळा गडी. डोक्यावर पांढरी टोपी, पोटऱ्यांना खाकी पॅन्टवर लोखंडी क्लिपा, सायकल हिरवी. तीन वर्षांपूर्वी त्यानं एकदा मधुकररावांना मागं टाकलं होतं, आणि टाकताना घंटी वाजवली होती. एकदाच, टिंग. त्या एका टिंगनं सगळी सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी त्याला मागं टाकलं आणि टिंग परत केली.

तेव्हापासून रोज शर्यत. ठरवलं कुणीच नव्हतं, पण नियम दोघांनाही ठाऊक होते. कॉटन मार्केटच्या संत्र्यांच्या गाड्यांमधून बाहेर पडलं की सुरुवात. मग रेल्वेच्या लोहापुलाखालचा उतार, पलीकडचा चढ, बर्डीचा बाजार, आणि व्हरायटी चौकातल्या हवालदाराच्या छत्रीपाशी शेवट. चढावर सीट सोडून उभं राहायचं नाही. ट्रकला धरायचं नाही. एकमेकांकडं बघायचं तर मुळीच नाही. जो हरेल त्यानं कॉलर नीट करावी, जणू आपण सहज रमतगमत चाललो होतो. छत्रीपुढं तो डावीकडं महाराजबागेत वळे, हे सरळ जात. तीन वर्षांत एक शब्द बोलले नव्हते.

घरी याचा पत्ता नव्हता. मधुकरराव दर सोमवारी पंपानं हवा भरत, चाकात ग्रीस घालत, तीन पुडांचा डबा सोडून दोन पुडांचा नेऊ लागले होते. त्यांची बायको कौसल्या एकदा म्हणालीच, "अवो, तुम्ही ऑफिसले जाऊन राहिले का कुस्तीले?"

"व्यायाम चांगला असते," मधुकरराव म्हणाले आणि पंपाशी खाली वाकले, कारण त्यांना हसू येत होतं.

डिसेंबरातली गोष्ट. थंडी मस्त पडली होती. त्या दिवशी हिरवी सायकल दोन हात पुढं होती. लोहापुलाखालून दोघं सुसाट निघाले, आणि ऐन चढावर कडकड असा आवाज झाला. हिरव्या सायकलची चेन उतरली होती. मधुकरराव बाजूनं निघून गेले. चढ संपला, बर्डी गेली, छत्री आली. मागं वळून पाहिलं तर कुणी नाही. त्यांनी घंटीवर अंगठा ठेवला, पण वाजवायची कुणासाठी?

हवालदारानं हात दाखवला तरी ते हलेनात. मग एकदम सायकल उलटी वळवून ते परत लोहापुलाकडं निघाले.

तो माणूस रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. चेन मागच्या चाकाच्या दात्यांत आणि सळीत पक्की अडकली होती. हात कोपरापर्यंत काळे.

"सरका जरा," मधुकरराव म्हणाले. त्यांनी पिशवीतून कामाची पोलादी पट्टी काढली, चेनीखाली घातली आणि जोर केला. पट्टी वाकली, पण चेन सुटली.

तो माणूस त्यांच्याकडं बघतच राहिला. "तुम्ही तं गेले होते नं गा पुढं?"

"गेलो होतो."

"मंग वापस काहून आले?"

मधुकररावांना खरं तेच सांगावं लागलं. "एकट्यानं जिंकाले मजा नाई आली."

तो माणूस एवढ्या मोठ्यानं हसला की संत्र्याच्या गाडीचा बैल कान टवकारून बघू लागला. त्याचं नाव रुपराव ढोक. बेसा गावी तीन एकर शेती, आणि कृषी कॉलेजातल्या प्रयोगशाळेत नोकरी. दोघांनी मातीनं हात घासले, तरी काळे ते काळेच. कचेरीत हेडक्लार्क वामनरावांनी आधी घड्याळाकडं पाहिलं, मग मधुकररावांच्या हातांकडं. "निखारे, तुम्ही? आणि उशीर?" मधुकररावांनी मान खाली घातली खरी, पण दिवसभर त्यांच्या तोंडावरचं हसू काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रुपराव कॉटन मार्केटला त्यांची वाट बघत उभा होता. पिशवीत शेतातल्या तुरीच्या शेंगा. "वहिनीले द्या. सोले काढून वाटून भाजी केली तं चार भाकरी जास्त जातात." मग दोघं शेजारी शेजारी, हळूहळू, गप्पा मारत निघाले. रुपरावाच्या गाईची, मधुकररावांच्या वडिलांच्या मागाची, साहेबांच्या स्वभावाची, जावयांच्या रुसव्याची. संक्रांतीला रुपरावाची बायको भागीरथा तिळगूळ घेऊन गोळीबार चौकात आली. दोन्ही घरं जुळली. शर्यतीचं मात्र दोघांनीही घरी काढलं नाही.

पण महिना होत आला तसं मधुकररावांना कशातच राम वाटेना. सोल्यांची भाजी छान होती, मित्र तर लाखमोलाचा होता. तरी सकाळी पायडलवर पाय ठेवताना छातीत जे धडधडायचं ते बंद झालं होतं. पंपावर धूळ बसली. कचेरीत पोचल्यावर झोप येऊ लागली. रुपरावाला हे सांगणार कसं? मैत्री झाली म्हणून वाईट वाटतं, असं कुणी म्हणतं का!

एक दिवस दोघं लोहापुलाचा चढ रस्ता अडवून चढत होते. रुपराव तुरीवरच्या अळीबद्दल सांगत होता. मागून घंटी वाजली. साधी टिंग नव्हे, चांगली लांबलचक.

"ओ काकाजी! शेतीच्या गोष्टी घरी करा नं! रस्ता द्या!"

लेडीज सायकलवर पंचविशीतली एक मुलगी, निळ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, पुढच्या टोपलीत डबा. ती दोघांच्या मधून निघून गेली आणि चढ संपताना तिनं वळून पाहिलं.

"कोण होय हे?" रुपरावानं विचारलं.

"काय माहीत."

"अळीचं काय सांगत होतो मी?"

मधुकररावांनाही आठवेना.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी घंटी ऐकू आली तेव्हा रुपरावाचं बोलणं अर्ध्यावरच थांबलं. मधुकररावांनी पाहिलं, तर त्याचे पाय भराभर फिरत होते. त्यांचे स्वतःचेही. दोघं चाळिशी उलटलेले बाप्ये मान खाली घालून पायडल मारत सुटले, पण ती मुलगी बर्डीच्या गर्दीतून मासोळीसारखी निसटली आणि छत्रीपाशी पाय टेकून त्यांची वाट बघत उभी राहिली.

"हारले का काकाजी?"

दोघांना धाप लागली होती. बोलता येत नव्हतं, पण हसता येत होतं. हवालदारही हसत होता. मुलीचं नाव गोपिका. महालात राहायची, टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर होती. "मी तुमाले दोन वर्षांपासून पाह्यते," ती म्हणाली. "रोज तुमच्या मागं मागं येत होती. कधी ना कधी दोघाइले हरवीन म्हणत होती. अन् ऐन मी तयार झाली तं तुम्ही गोष्टीच करत बसले!"

ती गेली. रुपराव टोपीनं घाम पुसत म्हणाला, "मधुकरराव, एक बोलू? रागवाल नाई नं?"

"बोला."

"तुम्ही माणूस बम साजरे. पण सकाळी तुमच्याशी बोलाची मले इच्छा नाई."

मधुकररावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी भर चौकात त्याचा हात धरला. "मलेही नाई."

तिथंच ठरलं. सकाळी ओळख नाही. संध्याकाळी परतताना हव्या तेवढ्या गप्पा.

मग शर्यतीला काय रंग चढला! तिघांत बहुतेक गोपिकाच जिंकायची. रुपरावानं सायकलचा मडगार्ड काढून टाकला, मधुकररावांनी डब्याचं एक पूड आणखी कमी केलं. आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी, हातगाड्यांच्या मधून नेमकी वाट सापडून मधुकरराव दोघांच्याही आधी छत्रीपाशी पोचले. त्या संध्याकाळी चपला काढायच्या आधीच त्यांनी कौसल्याला सगळं सांगितलं. तीन वर्षांचं, पहिल्या टिंगपासून.

कौसल्या परात हातात घेऊन ऐकत राहिली. "म्हणजे मी म्हणत होती ते खरंच. कुस्तीच." मग परात खाली ठेवून म्हणाली, "मले पाहाची हाये."

दुसऱ्या दिवशी ती रिक्षानं व्हरायटी चौकात येऊन हवालदाराशेजारी उभी राहिली. बर्डीच्या बाजारातून तिघं आले तेव्हा मधुकरराव पुढं होते, चांगले चार हात पुढं. त्यांनी पाहिलं, कौसल्या डोक्यावरचा पदर सावरायचं विसरून, चवड्यांवर उभी राहून त्यांना शोधत होती. लग्नाच्या मांडवातसुद्धा तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं नव्हतं. ते बघतच राहिले, पाय थांबले, आणि दोन्ही बाजूंनी टिंग, टिंग करत दोघांनी छत्री गाठली.

"वहिनी, तुम्ही रोज येत जा!" रुपराव ओरडला. "तुम्ही आल्या का हे हरतात!"

मधुकररावांनी कॉलर नीट करायला हात नेला आणि तसाच खाली आणला. लपवायचं कुणापासून? कौसल्या हसून हसून डोळे पुसत होती. पण तिचं लक्ष आता नवऱ्याकडं नव्हतं. ती गोपिकाच्या सायकलजवळ गेली, सीट चाचपून पाहिली आणि हळूच म्हणाली, "कितीक दिवस लागतात वं शिकाले?"

"आठ दिवस काकू. पडाची तयारी असंल तं चार."

त्या रविवारी कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर भाड्याची लेडीज सायकल आली. हॅण्डल धरायला गोपिका, कॅरिअर धरून धावायला मधुकरराव, आणि कडेला भागीरथा आणि रुपराव शेंगदाणे खात सल्ला द्यायला. कौसल्या तीनदा पडली. चौथ्यांदा बसली तेव्हा मधुकरराव मागून ओरडले, "हळू, हळू!"

"हळू काहून?" ती म्हणाली आणि जोरात पायडल मारलं.