गोमतीबाईंच्या कानातले खडे

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दाराखिडकीचा नव्हे, कानाचा. तोही तुम्हांला ठाऊक असलेला बाहेरचा नव्हे. त्याच्या पार आत, हाडाच्या पोकळीत, पाण्यात मी राहतो. मंगरूळपीरजवळच्या तांड्यावरच्या गोमतीबाईंचा उजवा कान हेच माझे गाव.

बाई जन्मण्याआधी, आईच्या पोटातच मी घडलो. माझे अंग पिठाच्या खळीसारखे मऊ, पाठीवर चुन्याचे बारीक खडे आणि खाली नाजूक केसांचे रान. बाईंनी मान झुकवली की खड्यांच्या वजनाने मी सरकतो, केस वाकतात आणि तोल कुठे चालला ते मेंदूला कळते. शेजारी शंखासारख्या वळणात दुसरा पडदा राहतो. तो थरथरला की ऐकू येते. त्याचे कौतुक होते, माझे नाव कुणी घेत नाही. पण डोक्यावर दोन हंडे घेऊन बाई बांधावरून चालत आणि बाया बघत उभ्या राहत, तेव्हा मी आतल्या आत फुगायचो.

यंदा गोठ्यातून उठताना बाईंचे डोके आडव्या लाकडावर आपटले. वयाने सैल झालेले माझे काही खडे सुटले आणि बाजूच्या वाकड्या नळीत पडले. आता उजव्या कुशीवर वळल्या की ते नळीत घरंगळत, आणि बाईंना घर गरगर फिरताना दिसे.

तेव्हा मुलगा राजपाल आणि सून संगीता ऊसतोडीला निघाले होते. नात मंजू आजीजवळ राहून शाळेत जाणार होती.

राजपाल म्हणाला, "माय, तुले अशी टाकून कसा जाऊ? मंजूलेही संगं नेतो."

"पोरीची शाळा नोको मोडू," बाई म्हणाल्या. "मी भिंतीले धरून चालीन."

मंजू दप्तर घेऊन आजीला चिकटून बसली. शेवटी संगीताने ठरवले, तोडीला न्यायला ट्रक यायच्या आत डॉक्टरांना दाखवायचे.

मंगरूळपीरच्या डॉक्टर वर्षाराणींनी बाईंना झटकन आडवे केले. डोळे थरथरताना पाहिले आणि सांगितले, की दुखणे मेंदूचे नाही, कानातले आहे. मग मान उजवीकडे, हळूच डावीकडे वळवली, डाव्या कुशीवर केले आणि उठवून बसवले. खडे नळीतून घरंगळत माझ्या पोकळीत परतले. माझ्या पाठीवर ते चढले नाहीत, इथेच विरघळून जातील. पण वाट मोकळी झाली.

डॉक्टरांनी पुन्हा निजवले. बाईंनी राजपालचा हात घट्ट धरला, भीत भीत डोळे उघडले.

"पंखा तं जागच्या जागीच हाय रे," त्या म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

तर मित्रांनो, डोक्याला दणका बसला की आमचे खडे सुटतात, म्हणून थट्टेतही कुणाच्या कानशिलात मारू नका. घरातले म्हातारे माणूस चक्कर येते म्हणाले, तर वयामुळे होते म्हणून सोडू नका, दाखवून आणा.

ट्रक गेला त्या सकाळी बाईंनी मंजूची वेणी घातली. मंजू मैत्रिणींबरोबर शाळेला निघाली, आणि ती वळणाआड होईपर्यंत बाई अंगणात उभ्या होत्या. भिंतीला हात न लावता.